लोलिॲटा हॉलोवेच्या सुरुवातीच्या डिस्को तबकड्या: कुठून सुरुवात करावी, काय ऐकावे, काय विकत घ्यावे

1989 साली ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचे 'राइड ऑन टाइम' हे गाणे ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. चित्रफितीत एक सडपातळ मॉडेल ओठ हलवताना दिसत होती आणि त्यामागे ऐकू येणारा भरदार, फाटेल की काय असे वाटूनही न फाटणारा आवाज मात्र शिकागोच्या लोलिॲटा हॉलोवेचा होता. तो तिच्या 1980 सालच्या 'लव्ह सेन्सेशन'मधून, तिला श्रेय न देता, उचललेला होता. पुढे 1991 साली मार्की मार्कच्या 'गुड व्हायब्रेशन्स'मध्ये तोच आवाज पुन्हा वापरला गेला. त्या वेळी तिचे नाव छापले गेले आणि गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. आज बहुतेक श्रोते या दोन दारांपैकी एकातून तिच्यापर्यंत येतात, 'लव्ह सेन्सेशन' ऐकतात आणि तिथूनच परत फिरतात. माझ्या मते तिचे खरे मोठे काम त्याच्या आधीचे, म्हणजे 1976 ते 1978 या काळातले आहे. ते ऐकायचे तर उलट्या बाजूने, चर्चच्या गाण्यापासून डिस्कोकडे, चालत यावे लागते. ती वाट कशी धरावी, हे इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: डिस्कोच्या आधीचा आवाज ओळखून घ्या

हॉलोवेचा जन्म 1946 सालचा, शिकागोचा. लहानपणी ती आईच्या चर्चमधील गायकवृंदात गायची. 1967 ते 1971 या काळात ती अल्बर्टिना वॉकरच्या 'द कॅराव्हॅन्स' या नामांकित गॉस्पेल, म्हणजे चर्चमधील भक्तिगीते गाणाऱ्या, गटात होती. या गटातून शर्ली सीझर आणि जेम्स क्लीव्हलंड यांच्यासारखे लोक घडून बाहेर पडले होते, त्यामुळे तिथे उभे राहून गाणे हीच मोठी तालीम होती. त्यानंतर फ्लॉइड स्मिथ या गिटारवादकाने तिला चर्चबाहेरच्या गाण्याकडे आणले. हा स्मिथ साधा माणूस नव्हता. 1939 साली अँडी कर्कच्या वाद्यवृंदासोबत त्याने ध्वनिमुद्रित केलेले 'फ्लॉइड्ज गिटार ब्लूज' विद्युत गिटारच्या अगदी सुरुवातीच्या गाजलेल्या तबकड्यांत मोजले जाते. तो आधी तिचा निर्माता आणि व्यवस्थापक होता, पुढे पती झाला. त्याच्या देखरेखीखाली तिने 1971 साली 'रेनबो 71' गायले, जे मुळात कर्टिस मेफिल्डने जीन चँडलरसाठी लिहिलेले होते.

यानंतर अटलांटा येथील 'अवेअर' या लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या नावाखाली, तिचे दोन अल्बम निघाले. 1973 साली 'लोलिॲटा' आणि 1975 साली 'क्राय टू मी'. याच नावाचे गाणे अमेरिकेच्या आर-अँड-बी, म्हणजे कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीताच्या, यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. अवेअर हे मायकेल थेव्हिस या माणसाच्या कंपनीचे उपलेबल होते. अश्लील मासिकांच्या धंद्यातून त्याने पैसा केला होता आणि तो तुरुंगाच्या दिशेने निघालेला होता. कंपनी बुडाली आणि हॉलोवे ऐन यशाच्या तोंडावर लेबलाविना राहिली. डिस्कोकडे ती आली त्यामागे हा व्यवहारही आहे, हे लक्षात ठेवावे.

या टप्प्यावर दोनच गोष्टी ऐका: 'क्राय टू मी' हे गाणे आणि त्याच अल्बममधील 'द शो मस्ट गो ऑन'. ऐकताना शब्दांकडे फार लक्ष न देता एक गोष्ट टिपावी. कडवे संपल्यानंतर ती काय करते? बहुतेक गायिका तिथे थांबतात. ही तिथे तापायला लागते. ओळ तोडते, अर्धीच म्हणते, मध्येच बोलू लागते, एखादा शब्द चार वेळा फेकते. ही चर्चमधली सवय आहे. आपल्याकडे भजनात अभंग पुरा होत आला की एकच चरण किंवा नाम घेऊन गजर सुरू होतो आणि खरे रंगणे तिथे असते, तसेच काहीसे. पुढच्या सगळ्या तबकड्यांत हाच धागा पकडून चालायचे आहे.

दुसरी पायरी: नावांचा घोळ आधीच सोडवून ठेवा

'लोलिॲटा' या नावाचे तिचे दोन वेगळे अल्बम आहेत. एक 1973चा, अवेअरवरचा, संपूर्ण सोल, म्हणजे गॉस्पेलच्या ढंगात गायलेली चर्चबाहेरची गाणी. दुसरा 1976-77चा, 'गोल्ड माइंड' या लेबलवरचा, जो आपल्याला हवा आहे. शिवाय 1979 साली 'लोलिॲटा हॉलोवे' असा तिसराही निघाला. मी पहिल्यांदा परदेशातून तबकडी मागवली तेव्हा यादीत फक्त नाव वाचले, लेबल वाचले नाही, आणि दीड महिना वाट पाहून हाती आली ती अवेअरची तबकडी. चूक पूर्णपणे माझी होती. त्या चुकीमुळेच मी पहिली पायरी तिच्या योग्य जागी चढलो, म्हणून आज तिची खंत वाटत नाही. तुम्ही मात्र मागवताना लेबलाचे नाव आणि गाण्यांची यादी दोन्ही ताडून पाहा. यादीत 'हिट अँड रन' आणि 'ड्रीमिन' असेल तरच तो गोल्ड माइंडचा अल्बम. शोधताना तिच्या नावाचे स्पेलिंगही बदलून पाहावे, कारण जुन्या याद्यांत ते 'लोलेटा', 'लोलीटा' असे हमखास चुकलेले सापडते.

तिसरी पायरी: गोल्ड माइंडचा अल्बम सलग ऐका

गोल्ड माइंड हे न्यूयॉर्कच्या सालसोल कंपनीचे उपलेबल होते आणि ते नॉर्मन हॅरिस या फिलाडेल्फियाच्या गिटारवादक-निर्मात्याच्या हाती होते. सालसोल केयर बंधूंची, आणि नाव 'साल्सा' व 'सोल' यांच्या जोडणीतून आलेले. हॅरिस, बास वाजवणारा रॉनी बेकर आणि ड्रम वाजवणारा अर्ल यंग हे तिघे फिलाडेल्फियातील जो टार्सियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओचे कणा होते. हॉलोवेचा आवाज आणि या तिघांचा ठेका एकत्र आला, ही तिच्या आयुष्यातली मोठी घटना म्हणावी लागेल.

आधी अर्ल यंगचे ड्रम वेगळे काढून ऐका. बास ड्रम चारही मात्रांवर सारखा पडतो आणि दोन मात्रांच्या मधोमध हाय-हॅट झांज उघडून 'त्स' असा श्वास सोडते. हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या 1973 सालच्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये यंगने हा ठेका वाजवला आणि पुढची काही वर्षे जगभरातल्या नाचघरांनी तो उचलला. इथे तो माणसाने हाताने वाजवलेला आहे, यंत्राने नाही. म्हणून गाणे पुढे सरकते तसा तो किंचित हलतो, गायिका जोर लावते तिथे तोही थोडा पुढे झुकतो. हेडफोनवर हे सहज कळते.

अल्बम सुरू होतो 'हिट अँड रन'ने. पण माझा आग्रह असा की तबकडी उलटून 'वर्न आउट ब्रोकन हार्ट' आधी ऐकावे. सॅम डीजने लिहिलेले हे संथ गाणे आहे, डिस्कोचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि ते आर-अँड-बी यादीत 25व्या क्रमांकापर्यंत गेले होते. ते ऐकल्यावर लक्षात येते की नाचाच्या गाण्यांतही ती सोलच गात आहे, फक्त खालचा ठेका बदलला आहे. डिस्कोवर त्या काळी आणि नंतरही असा आरोप झाला की त्याने गायकांना ठोकळेबाज केले. अनेक तबकड्यांबाबत तो खराही आहे. या अल्बमबाबत तो टिकत नाही.

मग 'ड्रीमिन' ऐका, आणि शेवटी 'हिट अँड रन'. हे गाणे ऐकताना घड्याळ जवळ ठेवा आणि आवाज हळूहळू विरायला कधी सुरुवात होते ती वेळ लिहून ठेवा. याचा उपयोग लगेच होणार आहे.

चौथी पायरी: बारा इंची तबकडी आणि वॉल्टर गिबन्स

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत सुटे गाणे सात इंची तबकडीवर यायचे आणि सुमारे तीन मिनिटांत संपायचे. नाचघरात डीजेला ते पुरत नसे. टॉम मोल्टन हा मिक्स करणारा, म्हणजे ध्वनिमुद्रित वाद्ये-आवाज यांची जुळणी बदलणारा, गाणी लांबवून देऊ लागला होता. एकदा नमुना कापून घ्यायला तो होजे रॉड्रिगेझ या तंत्रज्ञाकडे गेला, तेव्हा सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या होत्या, म्हणून दहा इंचीवर गाणे कापले गेले. एवढ्या मोठ्या तबकडीवर मध्ये बोटभर पट्टा बघून मोल्टनला ते विचित्र वाटले, तेव्हा रॉड्रिगेझने खोबणी पसरवून आवाज वाढवला. परिणाम ऐकून दोघेही चकित झाले, आणि पुढच्या वेळी थेट बारा इंची वापरली गेली. कारण साधे आहे: खर्जाचा आवाज मोठा करायचा तर सुईला डावी-उजवीकडे अधिक हलायला जागा लागते. अल्बमच्या एका बाजूवर चार गाणी दाटीवाटीने बसवली की ती जागा उरत नाही, पण एकच गाणे पसरवले की उरते. 1976 साली सालसोलने डबल एक्सपोजर या गटाचे 'टेन पर्सेंट' बारा इंचीवर दुकानात विकायला आणले. ग्राहकांसाठी निघालेली ही पहिली बारा इंची डिस्को तबकडी मानली जाते, आणि ते गाणे नऊ मिनिटांहून अधिक लांबवले होते वॉल्टर गिबन्स या न्यूयॉर्कच्या तरुण डीजेने.

1977 साली त्याच गिबन्सच्या हाती 'हिट अँड रन'ची मल्टिट्रॅक टेप आली, म्हणजे ज्यात ड्रम, बास, व्हायोलिने, मुख्य गायिका, साथीचे आवाज हे सगळे वेगवेगळ्या पट्ट्यांवर सुटे असतात ती मूळ फीत. तोपर्यंत डीजे तयार गाण्याचे तुकडे कापून जोडत. इथे त्याला गाणे आतून उघडता आले. त्याने काय सोडले आणि काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. व्हायोलिने आणि पितळी वाद्यांचा बराचसा थर त्याने काढून टाकला, गाण्याचा मूळ कडव्यांचा भाग आटोपशीर केला आणि अल्बमवर जिथे आवाज विरत जातो तिथून पुढची हॉलोवे, म्हणजे कडवी संपल्यानंतर माइकसमोर तिने जे काही उत्स्फूर्तपणे केले होते ते, समोर आणून ठेवले. परिणामी सुमारे 11 मिनिटांच्या या तबकडीचा उत्तरार्ध जवळजवळ संपूर्ण गजर आहे: हुंकार, अर्धी वाक्ये, धमक्या, हसणे, एकाच शब्दावर मारलेल्या चढत्या हाका, आणि खाली यंगचा ठेका व बेकरचा बास एवढेच.

आता मघाशी लिहिलेली वेळ काढा. अल्बममधले 'हिट अँड रन' शेवटच्या मिनिटापासून पुन्हा ऐका आणि लगेच बारा इंचीचा उत्तरार्ध लावा. एकाच बाईने एकाच फितीवर गायलेली ही गोष्ट आहे. अल्बमने ती झाकली होती. ज्या डिस्कोने सोल गायकीचा गळा दाबला असे म्हणतात, त्याच डिस्कोने इथे चर्चमधला भाग परत मिळवून दिला. हे मला या सगळ्या शोधातले सर्वांत मोलाचे वाटते. आवाज शक्य तितका मोठा ठेवावा. हे गाणे हळू आवाजात अर्धेच राहते. शेजाऱ्यांची सोय बघून दुपारची वेळ निवडली तर बरे.

पाचवी पायरी: 'क्वीन ऑफ द नाइट' आणि एक वाक्प्रचार

1978चा हा अल्बम आधीच्याइतका एकजीव नाही, त्यात 'यू लाइट अप माय लाइफ'सारखी तेव्हाची चालू गाणीही भरलेली आहेत. पण त्यातले 'कॅच मी ऑन द रीबाउंड' सोडू नये आणि बनी सिगलरसोबतचे 'ओन्ली यू'ही ऐकावे, जे आर-अँड-बी यादीत 11व्या क्रमांकापर्यंत गेले. याच अल्बममध्ये एका गाण्याचे लांबलचक शीर्षक आहे, ज्याचा अर्थ असा: तुला हवी असेन तेव्हा कदाचित मी नसेन, पण येईन ती ऐन वेळेवरच. अमेरिकेच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये हे वाक्य देवाविषयी म्हटले जाते: तो तुम्ही हाक मारताच येणार नाही, पण 'राइट ऑन टाइम' येईल. हॉलोवेने ते प्रेयसीच्या तोंडी दिले. दोन वर्षांनी, डॅन हार्टमनने लिहिलेल्या 'लव्ह सेन्सेशन'मध्ये तिने पुन्हा 'राइट ऑन टाइम' गायले, आणि इटलीतल्या मंडळींनी ते चुकीचे ऐकून गाण्याचे नावच 'राइड ऑन टाइम' ठेवले. एवढे कळल्यावर तो 1989चा तुकडा पुन्हा ऐकून पाहा.

सहावी पायरी: प्लेयर नसेल तर

स्ट्रीमिंगवर हे सगळे बऱ्यापैकी मिळते, पण एकाच गाण्याची चार-पाच रूपे एकाच नावाखाली दिसतात. निवडताना गाण्याची लांबी पाहावी. तीन-साडेतीन मिनिटे असेल तर ते रेडिओसाठी छाटलेले सात इंची रूप, पाच-सहा मिनिटांच्या आसपास असेल तर बहुधा अल्बमचे, त्याहून बरेच मोठे असेल तर बारा इंची. त्यानंतर कंसात मिक्स करणाऱ्याचे नाव शोधावे. वॉल्टर गिबन्स, टॉम मोल्टन, शेप पेटिबोन ही नावे म्हणजे वेगवेगळ्या माणसांचे वेगवेगळे कान आहेत. अलीकडच्या डीजेंनी केलेली नवी रूपेही त्यातच मिसळलेली असतात. त्यातली काही चांगली आहेत, पण सुरुवातीला ती बाजूला ठेवावीत, नाहीतर 1977चे काय आणि कालचे काय हे कानाला कळेनासे होते.

सातवी पायरी: तबकडी विकत घेताना

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, बोनी एम आणि अब्बाच्या तबकड्या ढिगाने दिसतात. अमेरिकी सोलची बारा इंची तिथे मिळणे हा नशिबाचा भाग. मिळाली तर किमतीची घासाघीस करण्याआधी उन्हात तिरपी धरून पाहावी, कारण दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ओरखडे लपतात. नेमकी हवी ती तबकडी बहुतेकदा डिस्कॉग्जसारख्या जुन्या तबकड्यांच्या संकेतस्थळावरून परदेशातूनच मागवावी लागते, आणि टपालखर्च व सीमाशुल्क मिळून तबकडीच्या किमतीहून जास्त होऊ शकते, हे आधीच हिशेबात धरावे. म्हणून एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकदम घेणे परवडते.

दर्जाच्या खुणा शब्दशः घेऊ नयेत. 'व्हीजी' म्हणजे खूप चांगली असे वाटते, प्रत्यक्षात तिच्यात सततची खरखर असते. नाचघरात वापरलेल्या डिस्को तबकड्यांना 'व्हीजी प्लस'च्या खाली घेऊ नये, कारण त्या जड सुईखाली शेकडो वेळा, तेही मागेपुढे फिरवून, वाजलेल्या असतात. गाण्याच्या सुरुवातीचा भाग तर विशेष झिजलेला असतो, डीजे तिथेच सुई टेकवून ठेका शोधत असे. कोपरा कापलेले किंवा कडेला करवतीची खाच असलेले कव्हर दिसले तर दचकू नये. दुकानात न खपलेला माल कंपन्या अशी खूण करून स्वस्तात काढत. अशी तबकडी पुष्कळदा कोरी करकरीत निघते, आणि मी तर मुद्दाम तीच शोधतो.

मूळ प्रत आहे की नंतरची छपाई, हे ओळखायला लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर, जिथे सुई शेवटी फिरत राहते, कोरलेली अक्षरे पाहावीत. सालसोल घराण्याच्या त्या काळातल्या अनेक तबकड्यांवर तिथे 'फ्रँकफोर्ड/वेन' हे मास्टरिंग करणाऱ्यांचे, म्हणजे छपाईची मूळ तबकडी कापणाऱ्यांचे, नाव दिसते. विक्रेत्याकडे त्या जागेचा फोटो मागण्यात संकोच करू नये. चांगला विक्रेता तो देतो. आणि वाजवण्याआधी लेबलावर वेग वाचावा, कारण अमेरिकी बारा इंची मिनिटाला कधी 33⅓ फेऱ्यांवर तर कधी 45वर चालते.

आठवी पायरी: पावसाळ्याच्या आधी

कोकणात आणि मुंबईत तबकडीचा खरा शत्रू ओरखडा नसून बुरशी आहे. आतले जुने कागदी पाकीट दमट हवेत बुरशी धरते आणि ती खोबणीत उतरते, मग कितीही चांगली प्रत असली तरी खालून सतत तळणीचा आवाज येतो. तबकडी आली की कागदी पाकीट काढून प्लास्टिकचे घालावे. डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने, गोलाकार, पुसावे आणि लेबल कोरडे ठेवावे. हे फक्त विनाइलसाठी. जुन्या 78च्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावले तर ती विरघळते, घरात आजोबांच्या वेळच्या तबकड्या असतील तर हे विशेष सांभाळावे. कपाटात तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत.

शेवटचा शोध: कप्प्यांचा

एवढे झाल्यावर ज्या तबकड्यांवर तिचे नाव दुय्यम आहे त्या शोधायला लागावे. 1977 साली सालसोल ऑर्केस्ट्राच्या 'मॅजिक जर्नी' अल्बममध्ये तिने गायलेले 'रन अवे' आहे. व्हिन्सेंट मोंटानाच्या व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य) स्वार होऊन ती ज्या सहजतेने गाते ते तिच्या स्वतःच्या अल्बममध्येही क्वचितच सापडते. 1979 साली डॅन हार्टमनच्या 'रीलाइट माय फायर'मध्ये गाणे मध्यावर येते तेव्हा ती आत शिरते आणि गाणे त्याच्या हातून काढून घेते. 1982चे 'सेकंड्स' पुन्हा ऑर्केस्ट्राच्या नावावर आहे. म्हणून दुकानात किंवा कुणाच्या घरच्या संग्रहात इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या तबकड्या चाळताना फक्त हॉलोवेच्या 'एच'च्या कप्प्यावर थांबू नये. हार्टमनची तबकडी योगायोगाने त्याच कप्प्यात निघेल, पण 'रन अवे' आणि 'सेकंड्स'साठी खाली वाकून 'एस'चा कप्पा उघडावा लागेल.